नवगावचे वारस

अलिबागजवळचं नवगाव. इथल्या किनाऱ्याला एक जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि त्यांच्यापासून आपला समाज वाढला, असं कोकणातल्या ज्यूंच्या, म्हणजे बेने इस्रायलांच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. कोकणात ही मंडळी तेल गाळायची. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी घाणा बंद ठेवायची, म्हणून गावानं त्यांना नाव दिलं शनवार तेली. गावांवरून आडनावं पडली: पेणकर, रोहेकर, नवगावकर. घरात मराठी. जुना लेखी पुरावा मात्र तुटपुंजा.

मग विज्ञान आलं. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला मिळतं आणि त्याचा बराचसा भाग जसाच्या तसा पुढे जातो. मधूनच त्यात एखादा बारीक बदल होतो, आणि तो त्या मुलाच्या साऱ्या पुरुष वंशात उतरतो. अशा खुणा जुळल्या की दोन घराण्यांचा मूळपुरुष एक, असं म्हणता येतं. पण दहा पिढ्या मागे गेलात, तर पूर्वजांच्या 1024 जागा भरतात. वाय त्यातल्या एकाचाच पत्ता देतं. आईच्या आईची, तिच्या आईची वाट आईकडूनच मिळणाऱ्या, पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत सापडते. नुसतं वाय तपासून ‘आमचं कूळ कळलं’ म्हणणं मला म्हणूनच पटत नाही.

2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 18 बेने इस्रायल व्यक्तींच्या जनुकसंचाची तपासणी झाली. मध्यपूर्वेतल्या ज्यूंशी नातं स्पष्ट निघालं. घराघरांत जपलेली आठवण पोकळ नव्हती! इथल्या लोकांशी असलेलं नातंही तसंच भक्कम निघालं. ज्यू वारसा जास्त करून पुरुषांकडून आलेला, भारतीय वारसा बायकांकडून. हा मिलाफ 19 ते 33 पिढ्यांपूर्वीचा, म्हणजे साधारण 650 ते 1050 वर्षांमागचा. जहाज कधी फुटलं ते यावरून ठरत नाही; संसार कधी जुळले, तेवढं कळतं.

सात जोडप्यांच्या कथेत या इथल्या बायकांना जागाच नाही. शनिवार पाळणं, खवल्यांचेच मासे रांधणं, एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावानं मालिदा, म्हणजे गोड पोह्यांचा नैवेद्य करणं, हे सगळं त्यांच्याही हातून पुढे आलं असणार.

आणि नेमका आयांच्याच वंशावर सवाल उठला, कारण ज्यू धर्मशास्त्रात ज्यूपण आईकडून ठरतं. 1962 साली इस्रायलच्या धर्मपीठानं फर्मान काढलं: इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलांचं लग्न लावण्याआधी आईचं, आजीचं मूळ तपासा. समाज रस्त्यावर उतरला, धरणं धरलं. 1964 साली इस्रायल सरकारनं त्यांना सर्वार्थानं ज्यू मानलं. डीएनएची एकही चाचणी न होता.