राफिस पाम: फुटवा उपटायच्या आधी हे बघा

मंडळी, गेल्या व्हिडिओत मी बोलत होते कंपोस्टबद्दल आणि निम्म्या कमेंट आल्या माझ्या मागच्या कुंडीवर! 'ताई, बांबू पाम का?' नाही. 'मग अरेका?' नाही हो. हा राफिस. लेडी पाम पण म्हणतात. मूळचा दक्षिण चीन, व्हिएतनामकडचा, आणि जपानमध्ये एदो काळापासून (१६०३ ते १८६८) कुंडीत लाडाने वाढवलेला.

हे पान जवळून बघा. अरेका, बांबू पाम यांचं पान पिसासारखं असतं, मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाती. राफिसचा हा पंजा, सगळी पाती एकाच ठिकाणाहून फुटलेली. आणि टोकं बोथट, दातेरी. एका काकांनी लिहिलंय, 'उगीच कात्री चालवू नका.' काका, शप्पथ, मी हात लावलेला नाही, ती जन्मतःच तशी असतात! खोडावर ही काळपट जाळी, काथ्या गुंडाळल्यासारखी.

दुपारचं ऊन नको, पान पिवळं पडतं. माती निचऱ्याची. वरची बोटभर सुकली की पाणी. बोअरच्या क्षारांनी टोकं करपतात. झालं, एवढंच.

आता फुटवे. अहो, ही केळ नाही! केळीचा मुनवा काढला, लावला, लागला. राफिसचं तसं नसतं. फुटवा जमिनीखालच्या आडव्या खोडातून येतो, आणि त्याला स्वतःची मुळं सुटलेली नसतील तर तुमच्या हातात नुसती काठी आलेली असते.

मी हे शिकले वन्संच्या वास्तुशांतीला रोपं द्यायच्या नादात. ऐन मे महिन्यात बारा काड्यांची (काडी म्हणजे एकेक उभं खोड) कुंडी उपटली, माती धुऊन मुळं स्वच्छ केली (कशाला, देव जाणे) आणि एकेक काडी वेगळी लावली. दिवाळीपर्यंत नऊ गेल्या. उरलेल्या तिघींनी वर्षभर एक पान काढलं नाही. वन्सं अजून ऐकवतात.

म्हणून एकेक काडी नको. कुंडी आडवी करा, गड्डा बाहेर काढा, करवतीच्या सुरीने सरळ दोन भाग. प्रत्येकात चार-पाच काड्या, मुळं आणि मुळांभोवतीची माती तशीच. ती झटकायची नाही!

परवा कुणीतरी विचारलं, 'ताई, नर्सरीत एकच काडी दीडशेला मिळते, घेऊ?' आधी ती हलक्या हाताने हलवून बघा. डगमगली तर मुळं धरलेली नाहीत, दीडशे रुपयांची काठी घरी न्यायची नाही. मुळात हा पाम इतका सावकाश वाढतो की एका काडीचं बेट व्हायला वर्षं जातात.

माझ्या या कुंडीच्या मुळांनी प्लास्टिक फोडलंय, ही चीर दिसतेय ना? मृगाचा पाऊस लागला की हिचे दोन भाग करणार. तोवर कुणी मागू नका. वन्सं, तुम्ही पण.