पाठीमागचा आरगॉन

(नाशिकची अंबड औद्योगिक वसाहत. अंधारी शेड. मध्येच जांभळट-पांढरा उजेड पेटतो.)

हा उजेड उघड्या डोळ्यांनी बघायचा नसतो, म्हणून कॅमेऱ्यासमोरही दहा नंबरची काळी काच धरली आहे. वेल्डिंग टॉर्चमधलं टंगस्टनचं टोक आणि वाइनच्या टाकीचा स्टेनलेस स्टीलचा पत्रा यांच्यात दोनेक मिलिमीटरचं अंतर आहे. त्या फटीत आर्क, म्हणजे विजेची ज्योत, पेटलाय आणि त्याच्या खाली वितळलेल्या स्टीलचा मसुराएवढा थेंब पुढे सरकतोय. थेंब आरशासारखा चकाकतो. एवढं तापलेलं स्टील उघड्या हवेत क्षणात काळं पडलं असतं. इथे थेंबाभोवती हवाच नाही. टॉर्चच्या सिरॅमिक कपातून मिनिटाला दहा लिटर आरगॉन त्याच्यावर वाहतोय.

शेडमध्ये याला टिग (टंगस्टन इनर्ट गॅस) म्हणणारे थोडे. बाकी सगळे म्हणतात, आरगॉन वेल्डिंग. मशीन आहे, टॉर्च आहे, कारागिराचा हात आहे, तरी कामाला नाव पडलं ते गॅसचं. ते योग्यच आहे.

(इथे निवेदन नाही. फक्त आर्कचा आवाज.)

(महाविद्यालयाची प्रयोगशाळा. काचेच्या नळीत फिकट जांभळा प्रकाश.)

शाळेच्या पुस्तकात हा राजवायूंच्या रांगेत बसलेला असतो. आवर्तसारणीतला अठरावा गण, अणुअंकही १८. इलेक्ट्रॉन दोन, आठ आणि आठ. बाहेरच्या कक्षेत आठ भरले की त्याला कुणाचा इलेक्ट्रॉन घ्यायचा नसतो आणि आपला सोडायचाही नसतो. २००० साली हेलसिंकी विद्यापीठात आरगॉन, हायड्रोजन आणि फ्लोरिन यांचा एक रेणू बांधता आला. तो टिकतो उणे २४६ अंश सेल्सिअसच्याही खाली. आर्कच्या हजारो अंशांत मात्र आरगॉन कुणाशीच संयोग पावत नाही. वेल्डरला हवा असतो तो हाच गुण.

नळीत वीज सोडली की तो जांभळा उजळतो. शेडमधल्या आर्कला जी जांभळी कड दिसली, ती याच रंगाची.

नावाने राजवायू, पण दुर्मीळ मुळीच नाही. हवेचा ०.९३ टक्के भाग आरगॉन आहे, कार्बन डायऑक्साइडच्या वीसपटीहून जास्त. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली धरा. तिच्यात सुमारे २६० लिटर आरगॉन कायम असतो. आपण तो प्रत्येक श्वासात आत घेतो आणि जसाच्या तसा बाहेर सोडतो.

इतका भरपूर असूनही तो सापडायला १८९४ साल उजाडावं लागलं. त्याआधी १७८५ मध्ये हेन्री कॅव्हेंडिशने हवेतला नायट्रोजन विजेच्या ठिणग्यांनी संपवत आणला, तेव्हा शेवटी एक छोटा बुडबुडा उरला. मूळ नायट्रोजनाच्या १२०व्या भागाहूनही लहान. काही केल्या तो संपेना. कॅव्हेंडिशने नोंद केली आणि गोष्ट तिथेच थांबली. शंभर वर्षांनी लॉर्ड रॅले नायट्रोजनाची घनता मोजत होते. हवेतून काढलेला नायट्रोजन लिटरला १.२५७ ग्रॅम भरायचा आणि अमोनियासारख्या संयुगांतून मिळवलेला १.२५१. फरक अर्ध्या टक्क्याचा. तराजूची चूक म्हणून तो सोडून देता आला असता. रॅलेंनी सोडला नाही. विल्यम रॅमसेंनी हवेतला नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुन्हा पुन्हा फिरवला. नायट्रोजन मॅग्नेशियमने खाल्ला आणि मागे उरला एक जड, कशालाच दाद न देणारा वायू. ग्रीक भाषेत 'आरगॉस' म्हणजे आळशी, त्यावरून त्याचं नाव पडलं. १९०४ साली दोघांनाही नोबेल मिळालं. रॅलेंना भौतिकशास्त्राचं, रॅमसेंना रसायनशास्त्राचं.

(अंजनेरीचा कडा, खालून वर. काळ्या पाषाणाचे थर.)

एवढा आरगॉन आला कुठून? दगडातून. खडकात पोटॅशियम असतं आणि त्याचा एक किरणोत्सारी प्रकार, पोटॅशियम ४०, अतिशय सावकाश मोडत जातो. निम्मा संपायला १२५ कोटी वर्षं लागतात. मोडताना त्यातला दहावा भाग आरगॉन होतो. हवेतला जवळपास सगळा आरगॉन असाच जमिनीतून आलेला आहे. लाव्हा थिजला की पुढे तयार होणारा आरगॉन खडकात अडकून राहतो. तो मोजला की खडकाचं वय कळतं. अंजनेरी, ब्रह्मगिरी, पांडवलेणी ज्या दख्खनी बेसाल्टात आहेत, त्याचं सुमारे ६.६ कोटी वर्षांचं वय याच पद्धतीने काढलेलं आहे.

(टेम्पोतून निळे सिलिंडर उतरतात. लोखंडावर लोखंडाचा आवाज.)

हवा थंड करून द्रव केली की आरगॉन उणे १८५.८ अंशांना उकळतो आणि ऑक्सिजन उणे १८३ला. तीनच अंशांचं अंतर, म्हणून दोघांना वेगळं करायला फार उंच मनोरा लागतो. द्रव आरगॉन टँकरने येतो आणि त्याच्या एका लिटरचा सुमारे ८४० लिटर गॅस होतो.

निळा सिलिंडर आरगॉनचा, काळा ऑक्सिजनचा. सिलिंडरची पाणी मावण्याची क्षमता ४७ लिटर, भरतीचा दाब १५० बार (हवेच्या दाबाच्या सुमारे दीडशेपट), म्हणजे आत साधारण ७ हजार लिटर गॅस. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

(रेग्युलेटर बसवताना. साबणाच्या पाण्याचा फेस.)

सिलिंडर साखळीने बांधला. व्हॉल्व्ह क्षणभर उघडून तोंडातली धूळ उडवली. गॅसचा दाब उतरवणारा रेग्युलेटर बसवला, सांध्यावर साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा दिसला तरी सांधा पुन्हा आवळायचा, कारण जिथून गॅस बाहेर गळतो तिथूनच हवा नि ओल आत शिरते. पावसाळ्यात हे जास्त सांभाळावं लागतं. जुन्या रबरी नळ्या दमटपणा धरतात. सकाळी पहिला टाका मारण्याआधी मिनिटभर गॅस सोडून नळी साफ करतात ती त्यासाठीच.

(टंगस्टनला धार. ठिणग्या जवळून.)

टंगस्टन ३४२२ अंशांना वितळतं, म्हणून आर्कच्या टोकाला ते चालतं. धार लांबीच्या दिशेने लावायची. आडवी लावली तर आर्क भरकटतो. टोकाची लांबी जाडीच्या दोन ते अडीचपट. २.४ मिलिमीटरचं टंगस्टन, टॉर्च डीसी विजेच्या निगेटिव्ह टोकाला, तीन मिलिमीटर पत्र्याला नव्वद-शंभर अँपिअर, ३०४ जातीच्या स्टेनलेस पत्र्यासाठी जोडात वितळवायला ३०८एल जातीचा रॉड. आर्क बंद केल्यावरही गॅस चालू राहू द्यायचा, दर दहा अँपिअरला अंदाजे एक सेकंद. शंभर अँपिअरवर काम केलं तर दहा सेकंद टॉर्च जागेवरून हलवायचा नाही. घाईने उचलला की टंगस्टन निळंकाळं पडतं आणि टाक्याच्या शेवटी टाचणीएवढं भोक राहतं.

गॅस वाढवला म्हणजे काम चांगलं होईल, हा मोठा गैरसमज आहे. मिनिटाला वीस लिटरवर नेला की तो कपातून घुसळत बाहेर पडतो आणि बाजूची हवा आत ओढतो. जोडात बारीक छिद्रं येतात. एप्रिलमध्ये शेडचा पत्रा तापलेला असताना पंखा जोडाकडे वळवला तरी तेच होतं.

(टाकीच्या आतून. हेल्पर शिवणीमागे पन्हळ धरून उभा.)

आता या कामातला खरा भाग. वेल्डर बाहेरून जोड मारतोय. त्याच्या टॉर्चचा आरगॉन बाहेरची बाजू सांभाळतो. पण पत्रा आरपार वितळतो. पाठीमागेही तितकंच तापलेलं स्टील उघडं पडतं आणि तिथे टॉर्चचा गॅस पोहोचत नाही. म्हणून आतून वेगळा आरगॉन द्यायचा. याला पर्जिंग म्हणतात.

टाकीसाठी स्टीलची एक उथळ पन्हळ केली आहे. आत तांब्याची भोकं पाडलेली नळी, कडांना उष्णता सोसणारी टेप. बाहेर आर्क सरकेल तशी आत पन्हळ सरकते. मधे पत्रा, म्हणून एकमेकांना दिसत नाही. पुढे जायचं झालं की वेल्डर पत्र्यावर दोन टकटक करतो.

(टकटक. थोडं थांबून आतून एक टकटक.)

पाइपचं गणित निराळं. दोन इंची, सहा मीटर पाइपात ११ लिटर हवा मावते. ती हाकलायला निदान पाचपट, म्हणजे ५५ लिटर आरगॉन लागतो. मिनिटाला आठ लिटर सोडला तर सात मिनिटं. तोवर आर्क पेटवायचा नाही. आरगॉन हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड, म्हणून तो खालच्या टोकाने सोडायचा आणि हवा जायची वाट वरच्या टोकाला ठेवायची. ही वाट बुजली की आत दाब साठतो आणि जोड पुरा होता होता शेवटचा थेंब बाहेर फेकला जातो. वेल्डिंग सुरू झालं की प्रवाह चार-पाच लिटरवर आणायचा.

(दोन तुकडे शेजारी शेजारी, रूटची, म्हणजे जोडाच्या पाठीमागची, बाजू वर.)

डावीकडचा पर्जिंग करून जोडलेला. रूट चांदीसारखा, कडेला फिकट गवती रंग. उजवीकडचा पर्जिंगशिवाय. काळा, खडबडीत, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुललेला. पत्रा तोच, रॉड तोच, कारागीरही तोच.

स्टेनलेसला गंज न लागण्याचं कारण म्हणजे त्यातलं क्रोमियम. पृष्ठभागावर त्याच्या ऑक्साइडचा पातळ थर तयार होतो आणि तुटला तर पुन्हा जुळतो. पाठीमागे हवा लागली की क्रोमियम जळून त्या काळ्या खपलीत जातं आणि खपलीखालच्या धातूत ते कमी पडतं. ३०४ म्हणून विकत घेतलेला पत्रा नेमका जोडावर ३०४ राहत नाही. अशा खाचांत यीस्ट आणि जिवाणू ठाण मांडतात, सोड्याच्या पाण्याने धुऊनही निघत नाहीत, आणि पुढे तिथूनच गंज धरतो.

मग पर्जिंग का वगळतात? सिलिंडरचा आकडा आठवा, ७ हजार लिटर. नुसत्या टॉर्चला, मिनिटाला दहा लिटरने, तो साडेअकरा तास पुरतो. पर्जिंगचे आठ लिटर धरले की साडेसहा तास. सिलिंडर जवळपास दुप्पट लागतात आणि हेल्परचा एक माणूस अडकतो. वरून बफिंग केलं की दोन्ही जोड सारखेच दिसतात. दर ठरवताना आतली बाजू कुणी बघत नाही. ती बघायला हवी. टाकी घेणाऱ्याने हातातली बॅटरी लावून आत वाकावं, शिवणीवरून बोट फिरवावं, आणि काळी शिवण दिसली तर टाकी परत करावी.

टाकीत माणूस असताना हवा ओढणारा ब्लोअर तळाशी चालू हवा आणि ऑक्सिजन मीटर त्याच्या कमरेला, १९.५ टक्क्यांखाली आकडा गेला की ताबडतोब बाहेर, कारण आरगॉनला वास नाही आणि गुदमरल्याची जाणीवही होत नाही.

(दिंडोरी रस्ता. ट्रेलरवर आडवी टाकी. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा.)

दोन मीटर व्यासाची टाकी. छताचा पत्रा ३१६, खालचा ३०४. वाइनमधला सल्फर डायऑक्साइड वरच्या रिकाम्या जागेत साठतो आणि तिथला पत्रा आधी खातो, म्हणून वर भारी पत्रा.

(वायनरी. टाक्यांची रांग. भिंतीला टेकून तोच निळा सिलिंडर.)

द्राक्षतोड जानेवारी ते मार्च. शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन आंबून निवळली, थोडी बाटल्यांत गेली आणि टाकी अर्धा मीटर रिकामी झाली. ही रिकामी जागा दीड हजार लिटरांहून थोडी जास्त. तिथे हवा राहिली तर वाइन तपकिरी होते, फळाचा वास जातो, पुढे व्हिनेगर होऊ लागतं. म्हणून पुन्हा आरगॉन. नायट्रोजन स्वस्त आहे आणि बऱ्याच कामांना तोच वापरतात. पण तो हवेहून किंचित हलका. आरगॉन पृष्ठभागावर पसरतो आणि हवेला वर ढकलतो. मात्र हळू सोडला तरच. नळीच्या तोंडाला जाळी, तोंड वाइनच्या चार बोटं वर. जोरात सोडला तर तो हवेत मिसळतो आणि सिलिंडर फुकट जातो. एकदा भरला म्हणजे काम झालं, असंही नाही. वायू एकमेकांत मिसळतातच, म्हणून दर काही दिवसांनी ऑक्सिजन मीटर लावून बघावं लागतं.

(मीटरचा आकडा उतरतो: १२, ७, ३, ०.८.)

ऑक्सिजन एक टक्क्याच्या खाली आला. नळी बाहेर, झाकण बंद, पकड आवळली. सिलिंडरचा व्हॉल्व्ह दोन बार शिल्लक असतानाच बंद करायचा. पूर्ण रिकामा केला तर हवा आत जाते आणि पुढच्या भरतीचा गॅस तिथेच बिघडतो.