कामाची पोच

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

वितरित गणनाच्या, म्हणजे एका मोठ्या आकडेमोडीचे तुकडे पाडून ते अनेकांच्या संगणकांवर करवून घेण्याच्या, प्रकल्पासाठी स्वयंसेवक कसे मिळवावेत, या प्रश्नाची तीन उत्तरे देण्याचे मी संयोजकांना कबूल केले आहे: कोणाला विचारावे, काय सांगून विचारावे आणि आलेल्या माणसाला टिकवावे कसे. क्रम असाच ठरला होता. परंतु पहिली दोन उत्तरे तिसऱ्याच्या पोटातच आहेत, असे माझे बऱ्याच वर्षांचे ठाम मत असल्यामुळे मी तिसऱ्यापासून सुरुवात करणार आहे. माझे म्हणणे पत्रव्यवहारातल्या एका जुन्या शब्दात मावते. तो शब्द म्हणजे पोच. आपण पाठवलेली वस्तू योग्य हाती पडली, एवढेच कळवणाऱ्या दोन ओळी. ज्या प्रकल्पाला त्या दोन ओळी लिहायला वेळ असतो, त्याच्याकडे माणसे येतात आणि राहतात. ज्याला तो नसतो, त्याला दर काही महिन्यांनी नव्याने आवाहन करावे लागते, आणि प्रत्येक आवाहनाला प्रतिसाद आधीपेक्षा कमी येतो.

वर्क युनिट म्हणजे एका संगणकाला करायला दिलेला कामाचा तुकडा; तो सर्व्हरवरून, म्हणजे प्रकल्पाच्या मध्यवर्ती संगणकावरून, कसा उतरतो आणि निकाल परत कसा जातो, हे या सभागृहाला समजावण्याची गरज नाही. आपल्यापैकी अनेकांना ज्या प्रकल्पाने या क्षेत्राकडे ओढले, त्याच्याकडेच थेट येतो. १७ मे १९९९ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेतून परग्रहावरील बुद्धिमान जीवांचे रेडिओ संकेत शोधणारे सेटी ॲट होम सुरू झाले. प्वेर्तो रिको बेटावरील आरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीने टिपलेली नोंद चुंबकीय फितींवर साठवून टपालाने बर्कलेला जात असे. तेथे तिचे सुमारे १०७ सेकंदांचे, साधारण एक तृतीयांश मेगाबाइटचे तुकडे पाडून ते जगभरच्या संगणकांकडे पाठवले जात. पुढील दोन दशकांत ५० लाखांहून अधिक लोकांनी या कामाला आपले संगणक दिले. परग्रहावरील बुद्धिमान जीवांविषयीचे कुतूहल हे या यशाचे नेहमीचे कारण, आणि ते खरेही आहे. परंतु तेवढेच कुतूहल जागवणारी कितीतरी आवाहने त्यानंतर विरून गेली. माझ्या मते निम्मे श्रेय त्या स्क्रीनसेव्हरचे आहे.

तो ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल. खालच्या अर्ध्या भागात रंगीत सुळक्यांचा आलेख, वर एका बाजूला सध्या कोणती आकडेमोड चालू आहे याची माहिती, आणि दुसऱ्या बाजूला हा तुकडा आकाशाच्या कोणत्या बिंदूकडून, कोणत्या दिवशी, किती वारंवारतेवर टिपला गेला याची नोंद. तिच्याच खाली संगणकाच्या मालकाचे नाव आणि त्याने आजवर पूर्ण केलेल्या तुकड्यांची संख्या. आकाशातला एक ठिकाणा आणि एका सामान्य माणसाचे नाव एकाच पडद्यावर होते. शेजारून जाणारा थांबून हे काय आहे असे विचारत असे आणि घरी जाऊन स्वतःच्या संगणकावर तेच बसवत असे. ते आवाहन कोणत्याही जाहिरात संस्थेने लिहिले नव्हते. माणसाला त्याच्या कामाचा हिशेब दाखवला, तोच पुढच्या माणसाला बोलावणारा ठरला.

जाता जाता आणखी एक. वॉशिंग्टन विद्यापीठात डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेने २००५ मध्ये प्रथिनांचा आकार शोधणारे रोझेटा ॲट होम सुरू केले. त्याच्या स्क्रीनसेव्हरवर प्रथिनाची साखळी दुमडताना दिसे. ती पाहता पाहता स्वयंसेवक कळवू लागले की संगणक चुकीच्या बाजूला वळतो आहे, आम्हाला हात घालू द्या. त्या सूचनांमधून २००८ मध्ये फोल्डइट हा खेळ उभा राहिला, ज्यात माणसे स्वतः प्रथिने दुमडतात. नुसते यंत्र मागितले असते, तर ही सूचना प्रयोगशाळेपर्यंत कधीच पोहोचली नसती.

आता एक हकीकत. ती लांब आहे, तरीही मी ती प्रत्येक व्याख्यानात सांगतो, कारण माझे मत तिच्यातून तयार झाले. मला शाळेत गणित शिकवणाऱ्या सरांना निवृत्तीनंतर मी अशाच एका प्रकल्पात आणले. प्रकल्पाचे नाव घेणार नाही. त्याची युनिटे फार मोठी असत. सरांच्या जुन्या डेस्कटॉपवर एक युनिट पुरे व्हायला सुमारे सात आठवडे लागतील, असा अंदाज पडद्यावर दिसत होता. सरांनी त्यासाठी वही घातली. हजेरीपटासारखे उभे रकाने: तारीख, वेळ, टक्के, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बारीक, वळणदार अक्षरात नोंदी होत्या. ‘यंत्र बंद करावे लागले, ३१.२ वर होते, पुन्हा ३०.८ पासून सुरू.’ म्हणजे चेकपॉइंट, अर्थात यंत्र बंद पडले तर काम जेथून पुन्हा सुरू होते तो साठवलेला टप्पा, ही कल्पना त्यांना कोणी शिकवली नव्हती. त्यांनी ती दोन आकड्यांतल्या फरकावरून स्वतः शोधून काढली होती. ‘रात्री पंख्याचा आवाज जास्त, सकाळी कमी.’ ‘आज ०.३ ने मंद. कारण कळले नाही.’ एखादा संशोधन सहायक ठेवणार नाही, इतक्या निष्ठेने ठेवलेली ती वही होती.

चव्वेचाळिसाव्या दिवशी, ९६.४ टक्क्यांवर, पडद्यावर गणनात त्रुटी आल्याचा संदेश उमटला आणि युनिट नाहीसे झाले. सरांचा मला फोन आला. ‘अरे, माझ्या हातून काही चुकले का? काल मी डबा उघडून आतली धूळ पुसली होती.’ ज्यांनी आयुष्यभर मुलांच्या चुका समजुतीने दुरुस्त केल्या, ते सत्तरीतले गृहस्थ एका नादुरुस्त फाइलसाठी स्वतःला दोष देत होते. त्यांचा तो आवाज माझ्या कानातून आजही गेलेला नाही.

मी त्यांच्याकडे गेलो आणि त्या युनिटचे पान उघडले. आपल्याला ठाऊक आहे की अनोळखी यंत्रावर विसंबता येत नाही म्हणून अनेक प्रकल्प एकच युनिट किमान दोन यंत्रांना देतात आणि दोन्ही निकाल जुळले तरच ते ग्राह्य धरतात. सरांच्या युनिटचा दुसरा जोडीदार त्याच पानावर होता. त्याचे यंत्र अधिक वेगवान होते, त्याने आपले काम नऊ दिवस आधी सुरू केले होते आणि तेही त्याच टप्प्यावर त्याच त्रुटीने कोसळले होते. त्याच तुकडीतले सरांच्या रांगेत थांबलेले पुढचे युनिट तर सर्व्हरनेच रद्द केले होते. याचा अर्थ स्पष्ट होता: दोष मूळ फाइलमध्ये होता आणि तो प्रकल्पाला कळलेला होता. उरलेली तुकडी मागे घेण्याइतकी तत्परता तेथे होती, पण ज्यांची यंत्रे रात्रंदिवस राबली त्यांना दोन ओळी पाठवण्याचे कोणाच्या मनात आले नाही. मी प्रकल्पाला दोन पत्रे लिहिली. उत्तर आले नाही. सरांनी वहीत ‘दुसऱ्या यंत्रावरही तेथेच’ एवढे लिहिले, खाली पट्टीने रेघ मारली आणि त्यानंतर नवे युनिट घेतले नाही.

याच्या शेजारी मर्सेन मूळसंख्यांचा, म्हणजे २ च्या एखाद्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळसंख्यांचा, शोध घेणारा प्रकल्प ठेवून पाहा. जॉर्ज वॉल्टमन यांनी तो १९९६ मध्ये सुरू केला, आणि त्याचे काम तसे पाहिले तर आणखी रुक्ष: एक प्रचंड संख्या घ्यायची, कित्येक दिवस किंवा आठवडे आकडेमोड करायची, आणि जवळजवळ नेहमी ती संख्या मूळ नाही एवढेच उत्तर मिळवायचे. तरीही डिसेंबर २०१७ मध्ये २ चा ७,७२,३२,९१७ वा घात वजा १ ही २,३२,४९,४२५ अंकी मूळसंख्या ज्या स्वयंसेवकाच्या संगणकाला सापडली, तो १४ वर्षे शोध घेत होता. १४ वर्षे नकार पचवण्याचे बळ माणसाला कोठून येते? तेथे प्रत्येकाला स्वतःची अशी संख्या मिळते, आणि ‘मूळ नाही’ हा निष्कर्षही त्या संख्येपुढे, तपासणाऱ्याच्या खात्यावर नोंदवला जातो. नकारही तेथे पूर्ण झालेले काम मानला जातो. आइन्स्टाइन ॲट होमने २०१० मध्ये आरेसिबोच्या नोंदींमधून पीएसआर जे२००७+२७२२ हा सेकंदाला सुमारे ४१ वेळा फिरणारा स्पंदक, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ लहरींचे ठोके देणारा तारा, शोधला, तेव्हा आयोवातील एक दांपत्य आणि जर्मनीतील माइन्त्सचा एक गृहस्थ, यांच्या यंत्रांवर तो आढळला हे शास्त्रज्ञांनी नावांनिशी जाहीर केले. त्या दोन ठिकाणच्या संगणकांनी वेगळे असे काही केले नव्हते. तो तुकडा त्यांच्या वाट्याला आला होता इतकेच. परंतु त्या दिवशी इतर सहभागी माणसांनाही कळले की आपल्याकडे आलेला तुकडा खरोखर कोणीतरी पाहतो.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, थोडीच मिनिटे उरली आहेत, आणि कबूल केलेली दोन उत्तरे अजून बाकी आहेत. ती आता भराभर देतो.

कोणाला विचारावे? ज्याला वही घालावीशी वाटेल, त्याला. शाळा-महाविद्यालयातील शिक्षक, हौशी खगोलप्रेमी, गणिताची गोडी असलेले निवृत्त लोक, आपला संगणक स्वतः जोडणारे तरुण. शंभर यंत्रांची प्रयोगशाळा एकगठ्ठा मिळाली तर हरकत नाही, पण ती देणारा अधिकारी बदलला की शंभरही यंत्रे त्याच दिवशी जातात. शिवाय कार्यालयाच्या किंवा संस्थेच्या संगणकावर लेखी परवानगीशिवाय काहीही बसवायला सांगू नका. या कारणाने लोकांच्या नोकऱ्या गेल्या आहेत आणि खटलेही झाले आहेत.

काय सांगून विचारावे? खरे तेच. ‘तुमच्या संगणकाची वाया जाणारी शक्ती द्या’ हे वाक्य १९९९ मध्ये बऱ्याच अंशी खरे होते, कारण त्या काळचा संगणक रिकामा असतानाही जवळजवळ तितकीच वीज खात असे. आजचा प्रोसेसर रिकामा असताना स्वतःला मंदावतो. त्याला कामाला जुंपले की विजेचा खर्च वाढतोच. गणनामुळे १०० वॅट जादा लागत असतील, तर अखंड चालणारे यंत्र दिवसाला २.४ आणि ३० दिवसांत ७२ युनिट वीज खाते. हे आवाहनाच्या पहिल्या परिच्छेदात लिहा. लॅपटॉप तापतो हे लिहा आणि बॉइंकमध्ये, म्हणजे असे अनेक प्रकल्प स्वयंसेवकाच्या संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, प्रोसेसरचा किती टक्के वापर करायचा ते कोठे ठरवता येते, हे चित्रासह दाखवा. मालकाच्या नकळत आभासी चलनाची आकडेमोड करणाऱ्या दुष्ट प्रोग्रॅममुळे लोक आता पंख्याच्या आवाजाने सावध होतात, आणि ते योग्यच आहे.

केव्हा विचारावे, हेही याच उत्तरात घेतो. पुरेसे काम तयार नसताना बोलावू नये. मार्च २०२० मध्ये कोरोना विषाणूच्या प्रथिनांच्या अभ्यासासाठी फोल्डिंग ॲट होम या अशाच प्रकल्पाकडे इतकी गर्दी लोटली की त्याची एकत्रित क्षमता सेकंदाला १ वर १८ शून्ये इतक्या क्रियांच्या पलीकडे गेली, आणि त्याच सुमारास असंख्य नव्या माणसांची यंत्रे युनिटची वाट पाहत रिकामी बसली. तेथील चमूने ही अडचण उघडपणे सांगितली आणि सर्व्हर वाढवले, म्हणून निभावले. आपल्या छोट्या प्रकल्पाला अशी संधी दुसऱ्यांदा मिळणार नाही.

शेवटचे. आवाहन लिहिण्यापूर्वी चार पत्रे लिहून तयार ठेवा: तुमचे पहिले काम मिळाले; तुमचे काम फसले, पण दोष तुमचा नव्हता; तुमचे काम अमुक शोधनिबंधात वापरले; प्रकल्प अमुक दिवशी थांबतो आहे. चौथे पत्र सर्वांत जास्त टाळले जाते. सेटी ॲट होमने ३१ मार्च २०२० रोजी नवे काम वाटणे थांबवले, तेव्हा त्याच महिन्याच्या सुरुवातीला तसे जाहीर केले होते आणि कारणही दिले होते: जमलेल्या निकालांचे विश्लेषण पुरे करायचे आहे.

सरांची हकीकत सांगताना एक गोष्ट राहिली. वही मिटल्यावर त्यांनी मला विचारले होते, ‘त्या दुसऱ्या माणसाला हे कोणी सांगितले असेल का रे? त्यालाही वाटत असेल, आपलेच काही चुकले.’ मी पान पुन्हा उघडले. त्याने आपले नाव झाकून ठेवले होते. तेथे यंत्राचा क्रमांक होता, बाकी काही नव्हते. त्याचा पत्ता फक्त प्रकल्पाकडे होता.