सोमलाचा वायू, टाकणखाराचा वायू

नमस्कार, श्रोतेहो.

सोमल म्हणजे विष, हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. टाकणखार त्यामानाने गरीब. पण सोमलातलं आर्सेनिक आणि टाकणखारातलं बोरॉन यांची हायड्रोजनशी गाठ घालून दिली, की आर्सीन आणि डायबोरेन हे दोन वायू तयार होतात. दोन्ही जीवघेणे, फक्त तऱ्हा वेगळ्या.

गंमत म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्यात हे दोघं एकाच छपराखाली नांदतात. सिलिकॉनच्या अणूच्या बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात. आर्सेनिककडे पाच, म्हणजे एक जास्तीचा. बोरॉनकडे तीन, म्हणजे एक जागा रिकामी. शुद्ध सिलिकॉनमध्ये यांची नखभर भेसळ केली की वीज वाहून नेण्याचा त्याचा स्वभावच बदलतो. आर्सेनिक आणि बोरॉन तिथे पोचवायचं एक साधन म्हणजे हे वायू.

आधी आर्सीन. रंग नाही, हवेपेक्षा जवळजवळ पावणेतीन पट जड, त्यामुळे खड्ड्यात, टाकीच्या तळाशी साचून राहतो. नाकाला झोंबत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. लसणासारखा वास येतो म्हणतात, पण तो साधारण दहा लाख भाग हवेत अर्धा भाग आर्सीन झाल्यावर. कामाच्या जागी चालणारी मर्यादा आहे ०.०५ भाग. म्हणजे नाकाला पत्ता लागेपर्यंत मर्यादा दहापट ओलांडलेली असते.

हा वायू रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. माणूस पाळी संपवून घरी जातो, जेवतो, आणि काही तासांनी डोकं दुखतं, पोटात कळा येतात, लघवी गडद लाल होते. मग कावीळ, मग मूत्रपिंडं बंद. आर्सेनिकच्या विषबाधेवरचं नेहमीचं औषध इथे कामाला येत नाही. रक्त बदलावं लागतं, डायलिसिस करावं लागतं. म्युनिकचे रसायनशास्त्रज्ञ गेलेन हे १८१५ साली याच वायूने गेले. आणि आर्सीन सिलिंडरातूनच निघतो असंही नाही. ज्या धातूत किंवा गाळात आर्सेनिकचा अंश आहे, त्यावर आम्ल पडलं की नकळत तयार होतो. टाकी धुणाऱ्या कामगाराला तर आर्सीन हे नावही ठाऊक नसतं.

याच वायूने खुनीही पकडून दिले आहेत. जेम्स मार्श यांनी १८३६ साली कसोटी मांडली: संशयित अन्नात जस्त आणि आम्ल घाला, निघणारा वायू तापलेल्या काचनळीतून जाऊ द्या. सोमल असेल तर काचेवर काळा चकचकीत आरसा धरतो. विष सापडावं म्हणून त्याहून जहाल विष तयार करायचं!

डायबोरेन मुळात घुमा नाही. थोडी अशुद्धी असली तर हवा लागताच पेटतो, आणि ज्योत हिरवी. पाणी लागलं की बोरिक आम्ल आणि हायड्रोजन. हॅलोजन (क्लोरीन, ब्रोमीनसारखी मूलद्रव्यं) असलेली अग्निशामकं यावर मारायची नाहीत, स्फोट होतो. श्वासात गेला तर फुप्फुसांवर घाला घालतो. वास गोडसर, मळमळवणारा, पण तोही मर्यादा ओलांडल्यावरच येणारा. जिला मी मनापासून दाद देतो ती त्याची रचना: दोन बोरॉनच्या मधे हायड्रोजन पुलासारखा बसतो आणि इलेक्ट्रॉनची एकच जोडी तिघांत वाटून घेतली जाते. असे दोन पूल. अशा टंचाईत संसार चालवणारा रेणू इलेक्ट्रॉन दिसेल तिकडे धावणारच. हीच भूक कामाला लावून हर्बर्ट ब्राऊन यांनी सेंद्रिय रसायनशास्त्रात नव्या अभिक्रिया आणल्या. १९७९ चं नोबेल त्यांना मिळालं. अमेरिकेने १९५० च्या दशकात बोरेनवर, म्हणजे बोरॉन-हायड्रोजनच्या अशा संयुगांवर, जेट विमानं उडवायचा घाटही घातला होता. जळून उरणारं चिकट ऑक्साइड इंजिनात बसू लागलं, तो नाद सुटला.

प्रयोगशाळेत बोरेन येतं ते टीएचएफ या द्रावकात विरघळवून, आणि बाटली राहते फ्रिजमध्ये. काम झाल्यावर उरलेलं बोरेन मारायचं, तेव्हा फ्लास्क बर्फात ठेवून मिथेनॉल थेंबाथेंबाने सोडतात. थेंब पडतो, बुडबुडे फसफसतात, ते शांत होईपर्यंत थांबायचं, मग पुढचा थेंब. वर हायड्रोजनला वाट मोकळी हवी. बूच लावलं तर काचेचे तुकडे गोळा करायची वेळ येते. घाई झाली की फेस फ्लास्कच्या तोंडातून बाहेर, हे मी पाहिलंय.

आर्सीनसाठी आता वेगळे सिलिंडर आहेत. आत सच्छिद्र कार्बन भरलेला असतो, वायू त्याला चिकटून राहतो आणि आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. झडप गळलीच, तर आधी हवा आत शिरते.