दुसरा बाँब

मंडळी, नमस्कार.

माझे आजोबा मराठा पलटणीत होते. १९४४ साली इंफाळच्या बाजूला जपान्यांशी लढले, हिवतापाने अर्धे झाले. पानाला चुना लावता लावता म्हणायचे, "बाँब पडला म्हणून घरी आलो, नाहीतर तुझी आई जन्मलीच नसती." आता मी जपानात राहतो, पोरं इथल्याच शाळेत जातात, आणि ते वाक्य काही पाठ सोडत नाही.

मध्यंतरी नागासाकीला गेलो होतो. सान्नो देवळाची दगडी कमान, इथे तिला तोरी म्हणतात, एकाच खांबावर उभी आहे. दुसरी बाजू स्फोटात कोसळली. संग्रहालयात भिंतीवरचं एक घड्याळ आहे, ११ वाजून २ मिनिटांवर थांबलेलं.

हिरोशिमावर अणुबाँब टाकणं योग्य होतं का, यावर वाद घालता येतो. ओकिनावा या जपानी बेटावरच्या लढाईत जो संहार झाला तो पाहता, जपानच्या मुख्य भूमीवर सैन्य उतरवलं असतं तर दोन्हीकडची किती माणसं गेली असती, हा मुद्दा मी उडवून लावत नाही. त्या आजोबांचा नातू कसा उडवेल?

पण नागासाकीचं काय? ६ ऑगस्ट १९४५ला हिरोशिमा बेचिराख झालं. तिथला संपर्कच तुटला, नेमकं काय पडलं हे टोकियोला कळेना. निशिना हे शास्त्रज्ञ ८ तारखेला तिथे पोचले, तेव्हा कुठे अणुबाँबची खात्री पटली. त्याच रात्री रशियाने युद्ध पुकारलं. ९ तारखेला सकाळी टोकियोत शरणागतीवर खल चालू होता, आणि तेवढ्यात दुसरा पडला. खरं तर तो ११ तारखेला टाकायचा होता. हवा बिघडणार म्हणून दोन दिवस आधी उरकला! तोही कोकुरा शहरावर टाकायचा होता. तिथे ढग नि धूर, खालचं काही दिसेना, म्हणून तीनदा घिरट्या घालून विमान नागासाकीकडे वळलं.

या दुसऱ्या बाँबचा वेगळा निर्णय कुणी घेतलाच नाही. बाँब तयार होतील तसे टाकत जा, असं अमेरिकी लष्कराच्या २५ जुलैच्या आदेशातच होतं. १० तारखेला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमननी बजावलं, यापुढे माझ्या परवानगीशिवाय नाही. म्हणजे थांबवता येत होतं. युद्ध संपवायला टाकला म्हणता, तर समोरच्याला हात वर करायला सवड तरी द्यायची!

आजोबा नेहमी एकवचनात बोलायचे, 'बाँब पडला'. दुसऱ्याचं त्यांच्या कानावर कधी आलं होतं का, हे विचारायचं राहूनच गेलं.