पहिला पाव फेरा

[पडदा काळा. फक्त आवाज.]

कर्रर्र.

ओळखीचा आवाज आहे ना? स्क्रू जागचा हलत नाही, नुसता ड्रायव्हर फिरतो. आणखी दोन-तीन झटके दिले की स्क्रूऐवजी आपलंच डोकं फिरायला लागतं.

[कपाटाची बिजागरी. कॅमेरा स्क्रूच्या डोक्यावर, अगदी जवळ.]

आता हेच जवळून बघा. इथं फुलीची खाच होती. चारही कडा खरवडल्या गेल्यात, मधे वाटीसारखा खड्डा पडलाय आणि खड्ड्याच्या काठावर धातूचा बारीक, चकाकता कीस दिसतोय. आपण लगेच म्हणतो, स्क्रूच फालतू होता. असतो कधीकधी. पण बहुतेक वेळा झालेलं असतं एवढंच, की ड्रॉवरमध्ये हात घातला आणि जो ड्रायव्हर पहिला हाताला लागला, तोच आपण उचलला.

सगळ्यात जुनी खाच सरळ, एका रेघेची. ती दिसायला इतकी साधी की तिच्यात काहीही घालावंसं वाटतं: सुरीचं टोक, नाणं, कात्री. चपट्या ड्रायव्हरचं पातं मात्र दोन बाजूंनी जुळावं लागतं. त्याची रुंदी साधारण खाचेच्या लांबीएवढी हवी आणि जाडी अशी हवी, की पातं खाचेत खुळखुळणार नाही. पातं निम्म्या रुंदीचं घेतलं, तर तेवढंच वळण द्यायला कडांवर दुप्पट जोर पडतो. मग एक तर खाच फाटते किंवा पात्याचा कोपरा उडतो. उलट, पातं फार रुंद असेल तर ते डोक्याबाहेर येऊन आजूबाजूच्या लाकडावर गोल ओरखडा काढतं.

मी एकदा शिलाई मशीनच्या सुईखालच्या पट्टीचा स्क्रू टेस्टरने काढायला गेलो होतो. स्क्रू निघाला. पण खाचेची एक कड उचलली गेली, केसाएवढी, डोळ्यांना दिसेल न दिसेल अशी. त्यानंतर मशीनवर घातलेलं प्रत्येक तलम कापड नेमकं तिथंच अडकायचं. टेस्टरने वीज आहे का ते बघावं, बाकी त्याला त्रास देऊ नये.

[चपट्या पात्याचं टोक, बाजूने.]

बाजूने पाहिलं की कळतं, साधं पातं टोकाकडे निमुळतं होत जातं. असं पाचरीसारखं पातं खाचेच्या वरच्या कडेलाच टेकतं आणि जोर लावला की वर सरकायला बघतं. म्हणून घड्याळं दुरुस्त करणारे कारागीर पात्याचं टोक घासून त्या-त्या खाचेच्या मापाचं करून घेतात.

हे घसरणं टाळायला माणसांनी बरंच डोकं लढवलं. कॅनडाच्या पीटर रॉबर्टसनने 1908 मध्ये चौकोनी खाच काढली. चपटा ड्रायव्हर घसरून त्याचा हात कापला आणि तिथून ही कल्पना सुचली, असं सांगतात. पुढे जगभर पसरली ती मात्र फुली. जॉन थॉम्पसनची मूळ कल्पना हेन्री फिलिप्सने विकत घेतली, सुधारली, 1936 मध्ये तिची पेटंटं मिळवली आणि त्याच सुमारास ती कॅडिलॅक मोटारींच्या कारखान्यात पोचली. कारण सोपं होतं. फुलीत ड्रायव्हरचं टोक आपोआप मधोमध जाऊन बसतं. यंत्राने भराभर स्क्रू पिळायचे, तर याहून सोयीचं काय?

[फुलीच्या ड्रायव्हरचं टोक, मोठं करून.]

पण फिलिप्सच्या या चार पाकळ्यांच्या भिंती उभ्या नाहीत, उतरत्या आहेत. ड्रायव्हर फिरवताना प्रत्येक भिंत त्याला थोडं वर ढकलते. हाताने दाबून धरलं तर ठीक. दाब कमी पडला की टोक वर चढतं, घसरतं आणि जाता जाता खाच खरवडतं. तुमचा सुरुवातीचा तो कर्रर्र म्हणजे हाच. ही खोड मुद्दाम ठेवली होती की आपसूक आली, यावर लोक अजून वाद घालतात. माझ्या मते, बिजागरीपुढे उकिडवं बसलेल्या माणसाला त्याने काही फरक पडत नाही.

फुलीचे आकडे ड्रायव्हरच्या दांड्यावर कोरलेले असतात: पीएच 0, 1, 2, 3. घरातल्या बिजागऱ्या, कड्या, लाकडात बसलेले बरेचसे स्क्रू दोन नंबरचे. खेळण्याच्या बॅटरीचं झाकण एक नंबरचं. लॅपटॉप उघडायचा तर शून्य किंवा दुहेरी शून्य. गडबड होते ती एक आणि दोनमध्ये. एक नंबर दोनच्या खाचेत सहज जातो, तळाशी टेकतो, फिरतोही. स्क्रू सैल असेल तर निघतो सुद्धा, आणि तिथंच आपण फसतो. घट्ट स्क्रू आला की तोच ड्रायव्हर मधला भाग पोखरून ठेवतो. म्हणून मोठ्या मापापासून सुरुवात करायची. पूर्ण आत बसेल असं सगळ्यात मोठं टोक, तेच त्या स्क्रूचं.

[दोन स्क्रू शेजारी शेजारी.]

हे दोन सारखेच वाटतात? उजवीकडच्या फुलीच्या पाकळ्यांमधे चार बारीक रेघा आहेत. हा पोझिड्राइव्ह, म्हणजे पीझेड. याच्या भिंती जवळजवळ उभ्या, त्यामुळे टोक वर चढत नाही. यात फिलिप्स घातला तर तो बसल्यासारखा वाटतो, पण डुलतो. जपानी मोटरसायकली आणि कॅमेऱ्यांत फुलीच्या बाजूला एखादा छोटा ठिपका दिसला, तर ती जपानी मापाची फुली. तिच्यात फिलिप्सचं टोक तळापर्यंत पोचतच नाही. जुन्या जपानी इंजिनांवर खाच मेलेले स्क्रू इतके का दिसतात, त्याचं एक कारण हे.

सहा टोकांची चांदणी म्हणजे टॉर्क्स, 1967 सालची. भिंती सरळ उभ्या, घसरायला जवळजवळ वाव नाही. फक्त टी 25 च्या खाचेत टी 20 घालू नका. तो आत जातो हीच अडचण आहे. षटकोनी खाचेच्या ॲलन कीचंही तेच: अडीच मिलिमीटरच्या खाचेत इंची मापाची 3/32 ची की सहज जाते, कारण ती सुमारे 2.38 मिलिमीटरची असते. एवढ्याशा फरकात सहा कोपरे गोल होतात.

[ड्रायव्हर आडवा धरलेला. टोकावर स्क्रू.]

माप जुळलं का, हे बघायची सोपी युक्ती. सुटा स्क्रू टोकावर बसवा आणि ड्रायव्हर आडवा धरा. टोकाला चुंबक नसतानाही स्क्रू लटकून राहिला, तर जोडी जमली. स्क्रू आधीच बसवलेला असेल तर ड्रायव्हर आत घालून हलकेच डावी-उजवीकडे हलवा. खुळखुळ जाणवली तर टोक बदला. त्याआधी खाचेतला रंग, गंज, साचलेली धूळ सुईने उकरून काढा. रंगाने भरलेल्या खाचेत योग्य मापाचं टोकही अर्धंच बसतं. आणि पहिला पाव फेरा देताना फिरवण्यापेक्षा दाबण्यावर भर द्या.

[पुन्हा बिजागरी.]

आता आपला हा स्क्रू. दोन नंबरचं न झिजलेलं टोक घेतलं. खाच आणि टोक यांच्या मधे रुंद रबरबँडची एक पट्टी ठेवली. ड्रायव्हर काटकोनात, तळहात मुठीच्या मागे, अंगाचा भार त्यावर. सावकाश.

सुटला.

नवा स्क्रू जुन्याच भोकात बसवायचाय. तो आधी उलटा फिरवायचा, अगदी अलगद, म्हणजे लाकडात आधीच पडलेल्या आट्यांची सुरुवात त्याला सापडते. ती सापडल्याचं बोटांना कळतं, आणि कानांनाही.

[शांतता.]

टक्.