55 चुका, 56 चुका

(शहरातल्या एका ग्रंथालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी 'शॉर्टस्टॉप' म्हणालो. पलीकडे जरा शांतता, मग प्रश्न आला, "म्हणजे एसटीचा विनंती थांबा का?" तेव्हाच ठरवलं, की आधी हे सांगायचं आणि मग बाकीचं.

बेसबॉलच्या मैदानात धावणाऱ्याने एकेक करून गाठायचे थांबे म्हणजे बेस. त्यातला दुसरा बेस आणि तिसरा बेस यांच्यामधली जी मोकळी जागा, तिथे उभा राहणारा माणूस म्हणजे शॉर्टस्टॉप. बहुतेक बॅटर उजव्या हाताचे. त्यांनी चेंडू ओढून मारला की तो तिसऱ्या बेसच्या बाजूला, म्हणजे या गड्याच्या अंगावर किंवा आसपास जातो. पहिला बेस बॅटरपासून 90 फुटांवर. चपळ धावणारा तिथे सव्वाचार सेकंदांच्या आसपास पोचतो. तेवढ्या वेळात शॉर्टस्टॉपने चेंडूकडे धावायचं, वाकायचं, तो हातमोज्यातून काढायचा, पाय रोवायचे आणि शंभर-सव्वाशे फूट लांब गोळीबंद फेकायचा. चेंडू एकदा हातात खेळला की संपलं, गडी पोचलेला असतो. इनफिल्डमध्ये, म्हणजे बेसच्या आसपासच्या आतल्या भागात, याहून अवघड जागा नाही.

अशा जागी वीस-बावीस वर्षांचा पोरगा येतो. बॅट हातात घेतली की आतषबाजी, आणि हातमोजा घातला की गचाळपणा. त्याची बॅट त्याच्या चुका भरून काढते का? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: बहुतेक वेळा काढते, पण लोक ज्या चुका मोजतात त्या चुकीच्या चुका असतात.

मी अकरा वर्षं अमेरिकेत सेंट लुइसला नोकरी केली. तिथे कार्डिनल्स या बेसबॉल क्लबच्या मैदानाबाहेर जुन्या खेळाडूंचे पुतळे आहेत. स्टॅन म्यूझियलचा पुतळा बॅट घेऊन उभा. आणि एक पुतळा हवेत आडवा झालेला, चेंडूवर झेपावलेला. तो ऑझी स्मिथ. 19 मोसमांत 28 होमरन, म्हणजे कुंपणापार टोले! हल्ली चांगला बॅटर एवढे एका उन्हाळ्यात मारतो. आणि त्याचा पुतळा? पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, या गावात काहीतरी गडबड आहे.

गडबड नव्हती. 1981 साली कार्डिनल्सकडे गॅरी टेंपल्टन नावाचा 25 वर्षांचा शॉर्टस्टॉप होता. कार्डिनल्ससाठीची त्याची सरासरी .305, म्हणजे हजार वेळा बॅट घेतली तर 305 हिट, बेसवर पोचवणारे फटके. 1979 साली त्याने कधी उजव्या, कधी डाव्या हाताने बॅटिंग करून प्रत्येक बाजूने किमान शंभर हिट मारले. असं त्याआधी कोणीच केलं नव्हतं. चुकाही भरपूर करायचा. त्याच वेळी सान डिएगोत ऑझी स्मिथ होता. हात सोन्याचे, पण 1981 ची सरासरी .222. दोन्ही क्लबांनी अदलाबदल केली. कागदावर सान डिएगोने लूट केली असं वाटावं. खरं सांगायचं तर ही अदलाबदल निव्वळ हातमोज्यासाठी झाली नव्हती. टेंपल्टनने घरच्याच प्रेक्षकांना अश्लील हातवारे केले होते आणि मॅनेजर व्हाइटी हरझॉगने त्याला डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागेत, ओढून नेलं होतं. त्यानंतर त्याला ठेवणं कठीणच होतं. पण 1982 मध्ये काय झालं पाहा. ऑझी .248, टेंपल्टन .247. म्हणजे बॅटीचा फरक विरून गेला, हातांचा तसाच राहिला आणि कार्डिनल्स वर्ल्ड सिरीज जिंकले. टेंपल्टनचे गुडघे त्याला साथ देईनात, आणि सेंट लुइस सोडल्यावर त्याने .300 कधीच गाठलं नाही.

आता हे ऐकून तुम्ही म्हणाल, हातमोजाच श्रेष्ठ. थांबा. त्या अंतिम मालिकेत समोर मिलवॉकीचा शॉर्टस्टॉप होता रॉबिन याउंट. सरासरी .331, 29 होमरन, आणि त्या वर्षीचा लीगचा सर्वोत्तम खेळाडू. एकाच मैदानात, एकाच जागेवर दोन टोकाचे दोन गडी आलटून पालटून उभे राहत होते. सातव्या सामन्यापर्यंत मालिका गेली.

पूर्वी हा प्रश्नच पडत नसे. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवावा, बॅटचं बघू. बाल्टिमोरचा मार्क बेलँजर .228 च्या सरासरीवर वर्षानुवर्षं टिकला आणि क्षेत्ररक्षणासाठी 8 गोल्ड ग्लव्ह घेऊन गेला. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना नरेन ताम्हाणे आठवतील. मुंबईचे यष्टिरक्षक, 21 कसोटी, 51 बळी आणि फलंदाजीची सरासरी 10.22. त्यांच्या यष्टिरक्षणाबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. पण इंजिनीअर, कुंदरन अशी धावा करणारी माणसं आल्यावर मैफल बदलली. बाल्टिमोरमध्येही तेच झालं. बेलँजर गेला आणि पुढच्याच मोसमात मॅनेजर अर्ल वीव्हरने सहा फूट चार इंच उंचीच्या कॅल रिपकेनला शॉर्टस्टॉपला उभं केलं. एवढा धिप्पाड माणूस तिथे कसा वाकणार, असं लोक म्हणत. त्याने कारकिर्दीत 431 होमरन मारले. तेव्हापासून शॉर्टस्टॉपकडून बॅटचीही अपेक्षा सुरू झाली ती सुरूच आहे.

थोडा हिशेब करू. कंटाळा आला तर खिडकीबाहेर बघा, दोन मिनिटांत संपतो. बेसबॉलमध्ये प्रत्येक घटनेची धावांत किंमत काढलेली आहे. बाद व्हायचा गडी चुकीमुळे पहिल्या बेसवर पोचला तर ढोबळमानाने पाऊण धाव जाते. आणि बॅटरने बाद होण्याऐवजी होमरन मारला तर एक धाव आणि साठ-सत्तर पैसे मिळतात. म्हणजे दोन-सव्वादोन चुका बरोबर एक होमरन. एखाद्या पोराने सरासरी शॉर्टस्टॉपपेक्षा 10 चुका जास्त केल्या, तर चार-पाच होमरनमध्ये फिटंफाट. तो वर्षाला 30 मारणारा असेल तर वर्तमानपत्रात त्याच्या चुकांचे मथळे छापणं म्हणजे हत्ती गेला आणि शेपटीवरून भांडण.

यात एक गोम आहे. चूक केव्हा धरतात? चेंडूपर्यंत पोचून तो सोडला किंवा वाकडा फेकला तर. जो चेंडू दोन पावलं लांबून गेला आणि आपल्या गड्याचा हातही लागला नाही, तो बॅटरच्या नावावर हिट म्हणून लागतो. क्षेत्ररक्षकाची पाटी कोरी. जो धावतो, पोचतो, घाईत फेकतो, तो गुन्हेगार. जो पोचतच नाही, तो सज्जन. सरकारी कचेऱ्यांत ज्यांनी आयुष्य घालवलं त्यांना हे समजावून सांगायला नको. फाइल हातात घेईल त्याच्यावर शेरा येतो.

म्हणून मला दोन मुलांची गोष्ट सांगायची आहे. क्लब एकच, न्यूयॉर्क यँकीज. 1950 साली जॉप्लिन या गावी, खालच्या लीगमध्ये, 18 वर्षांचा मिकी मँटल शॉर्टस्टॉप खेळत होता. सरासरी .383, 26 होमरन आणि 55 चुका. 1993 साली ग्रीन्सबरो इथे, खालच्याच लीगमध्ये, 19 वर्षांचा डेरेक जीटर शॉर्टस्टॉप खेळत होता. सरासरी .295 आणि 56 चुका.

55 आणि 56. एकाला उचलून आउटफिल्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या बाहेरच्या मोठ्या भागात, टाकलं, दुसऱ्याला तिथेच ठेवलं. दोघेही हॉल ऑफ फेममध्ये, बेसबॉलच्या थोरांच्या यादीत.

मँटलच्या बाबतीत निर्णय सोपा होता. न्यूयॉर्कला शॉर्टस्टॉपवर फिल रिझुटो होता, 1950 चा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू. त्याला कोण हलवणार? शिवाय मँटल हरणासारखा पळायचा, आणि असले पाय इनफिल्डच्या चार हातांच्या जागेत कोंडून ठेवण्यात अर्थ नव्हता. 1951 मध्ये टॉमी हेन्रिककडून आउटफिल्डचं शिक्षण झालं, वर्षभरात जो डिमॅजिओ निवृत्त झाला आणि मधलं आउटफिल्ड मँटलकडे आलं. पुढचे 536 होमरन तुम्हाला ठाऊक असतील, नसतील तरी चालेल.

जीटरचं वेगळं. तो हिवाळ्याआधीच्या शिबिरात आला तेव्हा हाताला दुखापत होती, बॅट धरता येत नव्हती. मग ब्रायन बटरफिल्ड नावाच्या प्रशिक्षकाने त्याच्याकडून फक्त क्षेत्ररक्षण करून घेतलं. पाय कसे पडतात, हातमोजा कुठे असतो, फेकताना खांदा कुठे जातो. पुढच्या वर्षी चुका निम्म्याहून खाली आल्या. 1996 मध्ये तो वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला. एकमताने. दुखापत ही इष्टापत्ती ठरली असं म्हणतात, पण मला त्यातला धडा साधा वाटतो. वाकडी फेक हा सवयीचा रोग आहे आणि सवय बदलता येते.

न बदलता येणारी गोष्ट पुढे दिसली. जीटर चुका फारशा करेनासा झाला, त्याला 5 गोल्ड ग्लव्ह मिळाले, आणि तरीही चेंडूंची मोजदाद करणारे लोक डोक्याला हात लावून बसले. कारण तो डावीकडे, दुसऱ्या बेसच्या दिशेने, पोचतच नव्हता. 2003 पासून निवृत्तीपर्यंत त्याने सरासरी शॉर्टस्टॉपच्या तुलनेत दीडशेच्या घरात धावा जादा दिल्या असा एक प्रसिद्ध हिशेब आहे. वर्षाला बारा-तेरा. दहा धावांना एक सामना धरतात, म्हणजे वर्षाला एक सामना आणि थोडं वर. त्याच्या बॅटने ते फेडलं, 3,465 हिट काही गंमत नाही. पण 2004 मध्ये अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ त्याच क्लबात आला. लागोपाठ दोन वर्षं शॉर्टस्टॉपचा गोल्ड ग्लव्ह घेतलेला. आणि हललं कोण? रॉड्रिगेझ. तो तिसऱ्या बेसवर गेला. मला हा निर्णय तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. घरातल्या वडीलधाऱ्याला पाटावरून उठवायचं नाही, एवढंच त्यामागे होतं.

पाटावरून उठणं हा काही कमीपणा नाही, हे फर्नांडो टाटीस ज्युनियरने दाखवून दिलं. 2021 मध्ये सान डिएगोसाठी त्याने 42 होमरन मारले, नॅशनल लीगमध्ये सर्वांत जास्त, आणि 21 चुका केल्या. आपल्या हिशेबाने त्या जादा चुका तीन-चार होमरनच्या. मग हलवायचं कशाला? सामान्यतः शॉर्टस्टॉपवरून कोपऱ्यातल्या आउटफिल्डला गेल्यास खेळाडूचं मोल वर्षाला सुमारे 15 धावांनी घटतं असं मानतात, कारण तिथे धावा करणारी माणसं सहज मिळतात. म्हणजे शॉर्टस्टॉपला दहा धावा कमी पडणारा पोरगासुद्धा आउटफिल्डमध्ये निव्वळ सरासरी राहणार असेल, तर त्याला हलवून उलट तोटाच. टाटीस सरासरी राहिला नाही. दुखापत आणि 80 सामन्यांची बंदी भोगून 2023 मध्ये तो उजव्या आउटफिल्डला आला आणि पहिल्याच वर्षी गोल्ड ग्लव्ह तर घेतलाच, शिवाय प्लॅटिनम ग्लव्ह, म्हणजे लीगमधला सर्वोत्तम क्षेत्ररक्षक. तोच हात, तेच पाय. इनफिल्डमध्ये जी घाई नडत होती, तिला तीनशे फुटांवर मोकळं रान मिळालं.

आता आजचा मुलगा. सिनसिनाटी रेड्सचा एली दे ला क्रूझ. डोमिनिकन प्रजासत्ताकातला, 2018 मध्ये अवघ्या 65,000 डॉलरना घेतलेला. रिपकेनपेक्षाही उंच. 2024 मध्ये 25 होमरन, 67 चोरलेले बेस (फटका नसताना धावून गाठलेले), आणि 29 चुका. चोरलेल्या बेसमध्ये सगळ्यांत पुढे, चुकांतही सगळ्यांत पुढे. रेड्सचे चाहते तेव्हापासून भांडताहेत: याला आउटफिल्डला न्या.

पण त्याच 2024 मध्ये, कोण किती चेंडूंपर्यंत पोचलं आणि किती गडी बाद केले हे कॅमेऱ्यांनी मोजलं, तेव्हा हा 29 चुकांचा धनी देशातल्या पहिल्या काही शॉर्टस्टॉपमध्ये निघाला. दुसरे ज्यांच्या जवळ फिरकत नाहीत ते चेंडू तो गाठतो, आणि मग ताशी जवळपास 100 मैलांच्या हाताने ते कधी पहिल्या बेसवर, कधी प्रेक्षकांत फेकतो. जीटर उलटा करून पाहावा तसा हा आहे.

(व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं: "तुमच्या हातात असतं तर काय केलं असतं?")

मी त्याला तीन वर्षं हलवला नसता. एखादा बटरफिल्ड शोधला असता आणि हिवाळ्यात महिनाभर बॅट कुलपात ठेवली असती. त्याची पावलं जड व्हायला लागली, कॅमेरा म्हणायला लागला की हा आता पोचत नाही, तर त्याच दिवशी मधल्या आउटफिल्डला. याउंटचाही खांदा गेला तेव्हा तो आउटफिल्डलाच गेला, आणि 1989 मध्ये तिथून पुन्हा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. चुकांच्या आकड्यावरून मात्र मी काही ठरवलं नसतं.

बाकी कोणी सिनसिनाटीला लेकीकडे वगैरे जाणार असाल आणि पहिल्या बेसच्या मागचं तिकीट मिळालं, तर हातमोजा घेऊन बसा.